सनद हातात आली, आता वाट कुठली? बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या वकील मंडळींना विचारते

मलप्रभाकाठची (सोमवार, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी. मी खानापूर तालुक्यातली. दहावीपर्यंत गावातल्याच मराठी शाळेत शिकले, मग बेळगावात पाच वर्षांचं एलएलबी. ऑल इंडिया बार परीक्षा पास झाले, सनद आली. चार महिने एका सिनिअर सरांच्या ऑफिसात जाते. सर चांगले आहेत, पण अजून एक रुपया हातात पडलेला नाही. बाबा म्हणतात, बँकेची परीक्षा दे. मामा म्हणतो, जज्जच्या परीक्षेला बस. मैत्रीण पुण्यात एका कंपनीत लागली आहे, ती म्हणते इकडे ये.

मागच्या आठवड्यात एक गोष्ट घडली, ती मनातून जात नाही. कोर्टाच्या पायरीवर एक आजी कागद घेऊन बसली होती. मला काळ्या कोटात बघून म्हणाली, "पोरी, ह्यात काय लिवलंय तेवढं बघ की." दिवाणी कोर्टाचं समन्स होतं, कन्नडमधलं. दिराने वाटणीचा दावा घातला होता. कागद घरी आला, कुणाला वाचता आला नाही, म्हणून तिने तो तांदळाच्या डब्यात जपून ठेवला होता. सही करून घेतल्याला ५२ दिवस झाले होते. मला कन्नड वाचता येतं, पण सावकाश. अक्षर अक्षर लावून तिला सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "म्हंजे जमीन गेली काय माझी?"

धावत सरांकडे गेले. एकतर्फी चालवायचा हुकूम आधीच झाला होता. सरांनी त्याच दिवशी वकीलपत्र दिलं, हुकूम रद्द करायचा अर्ज टाकला आणि कैफियतीला, म्हणजे दाव्याच्या लेखी उत्तराला, मुदत मागितली. कैफियत ३० दिवसांत द्यायची आणि कोर्टाने परवानगी दिली तर ९० पर्यंत, हे मी पुस्तकात वाचलं होतं. त्या दिवशी पहिल्यांदा ते दिवस बोटांवर मोजले.

तर विचारते, आपल्या भागात वकिलाला कोणकोणत्या वाटा आहेत? आणि कुठलीही धरली तरी ते काम चांगलं करणं म्हणजे नेमकं काय करणं? मनापासून सांगा.

---

कोर्टगल्ली (सोमवार, रात्री ११:०५)

ताई, ३१ वर्षं बेळगावच्या दिवाणी कोर्टात उभा आहे. वाटा बाकीचे सांगतील. मी काम कसं करावं तेवढंच सांगतो.

कागद स्वतः वाचायचा. हे ऐकायला फार साधं वाटतं, म्हणून माझ्या हातून झालेली चूक सांगतो. प्रॅक्टिसचं तिसरं वर्ष. बेळगाव तालुक्यातल्या एका गावचा विहिरीच्या पाण्याचा दावा. समोरच्यांनी जुनं वाटणीपत्र हजर केलं, मोडीतलं. सोबत बाळबोधमध्ये, म्हणजे देवनागरीत, टाइप केलेलं वाचन जोडलेलं. मला मोडी येत नव्हती. वाचन स्वच्छ होतं, सही-शिक्का होता, मी ते मान्य केलं. दावा हरलो.

अपिलाच्या वेळी पक्षकाराच्या ओळखीतले, रेकॉर्ड खात्यातून निवृत्त झालेले एक आजोबा आले. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, कागद डोळ्यांजवळ नेला आणि बोट ठेवत वाचायला लागले. मोडीत आधी वरची रेघ ओढून घेतात आणि तिच्याखाली हात न उचलता लिहीत जातात, शब्द तुटत नाहीत. शेवटची दीड ओळ जागा संपली म्हणून समासात उभी लिहिलेली होती. त्यांनी कागद आडवा फिरवला आणि वाचलं, "विहीर सामाईक, पाणी पाळीने घेणे." टाइप केलेल्या वाचनात ही दीड ओळ नव्हतीच. मुद्दाम गाळली की राहून गेली, मला आजही सांगता येणार नाही. पण तो कागद तीन महिने माझ्या फायलीत होता आणि मी तो एकदाही आडवा फिरवला नव्हता.

प्रकरण फेरचौकशीला परत आलं. निकाल आमच्या बाजूने लागला तोवर सहा वर्षं गेली होती आणि पक्षकार हयात नव्हते. पाळीचं पाणी त्यांच्या मुलाने घेतलं.

त्यानंतर मी मोडी शिकलो. आपला जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता. त्याआधीचं रेकॉर्ड मराठीत, मोडीत, काही कन्नडमध्ये. नंतरचं बहुतेक कन्नड. वरच्या कोर्टाचा निकाल इंग्रजीत. एकाच जमिनीच्या फायलीत तीन भाषा आणि तीन लिप्या असतात. त्या तिन्ही ज्याला वाचता येतात त्याला इथे काम कधी कमी पडणार नाही.

दुसरं, तारखेची चिठ्ठी. प्रत्येक तारखेनंतर मी पक्षकाराला हाताने चिठ्ठी लिहून देतो. आज काय झालं, पुढची तारीख कुठली, ती कशासाठी, येताना काय आणायचं. चार ओळी, मराठीत. पक्षकार कन्नड असेल तर कन्नडमध्ये. ती लिहायची म्हटली की आज काय झालं ते मलाही नीट कळलेलं असावं लागतं.

तुझ्या सरांनी त्याच दिवशी वकीलपत्र दिलं ना? मग त्यांना सोडू नकोस.

---

उद्यमबाग (मंगळवार, सकाळी ७:५०)

मी कोर्ट सोडलेला वकील. चार वर्षं प्रॅक्टिस केली, मग इथल्याच एका फाउंड्रीत कायदा विभागात लागलो. पगारी पूर्णवेळ नोकरी धरली की वकिली चालू ठेवता येत नाही, बार कौन्सिलचा नियम ४९ आहे. सनद स्थगित करून ठेवली आहे, नोकरी सोडली तर पुन्हा सुरू करता येते. हे आधी माहीत असू दे. काही मुलं लपवून दोन्ही करतात आणि पुढे अडकतात.

कामाचं म्हणशील तर पुरवठ्याचे करार, कंत्राटी कामगार, ईएसआय-पीएफ, थकलेली बिलं, चेक परत आला की नोटीस. चेकच्या कामात दिवस चुकवून चालत नाही. बँकेकडून चेक परत आल्याचं कळलं की ३० दिवसांत नोटीस, समोरच्याला पैसे द्यायला १५ दिवस आणि ते संपल्यावर एक महिन्यात फिर्याद. मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवतो.

कंपनीतलं चांगलं काम म्हणजे भांडण कोर्टापर्यंत जाऊच न देणं. करार करायच्या आधी शॉपफ्लोअरवर जाऊन सुपरवायझरला विचारायचं, माल खरंच किती दिवसांत निघतो? मालकाने ३० दिवस कबूल केलेले असतात आणि खाली सगळ्यांना माहीत असतं की ४५ लागतात. तो आकडा करारात खरा लिहिला की पुढचे तीन दावे वाचतात.

पगार वेळेवर येतो, घर चालतं. कोर्टाची आठवण येते, ते मात्र खरं.

---

नवा_कोट (मंगळवार, दुपारी १:१५)

सगळे कामाबद्दल बोलताहेत, पैशाबद्दल कुणीतरी बोला. मीही ज्युनिअर आहे. खोलीचं भाडं, बस, जेवण, सगळं घरून येतं. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये परिपत्रक काढलं की ज्युनिअरला शहरात महिना २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये द्यावेत. पण ती शिफारस आहे, सक्ती नाही. आमच्या बारमध्ये ते कुणाला मिळतं, माझ्या तरी बघण्यात नाही. ज्याच्या घरी शेती किंवा नोकरी नाही त्याने ही वाट धरायचीच नाही का?

---

कोर्टगल्ली (मंगळवार, रात्री १०:२०)

प्रश्न रास्त आहे आणि तो आम्हा सिनिअर लोकांना विचारलेला आहे. माझ्याकडे दोन ज्युनिअर आहेत. परिपत्रकाएवढं देत नाही, देऊ शकत नाही. पण जाण्यायेण्याचा आणि जेवणाचा खर्च पहिल्या महिन्यापासून देतो आणि ज्या फायलीवर ज्युनिअरने मसुदा केला त्या फायलीच्या फीमधला हिस्सा देतो. हे पुरेसं आहे असं मी म्हणणार नाही.

एवढं मात्र बघा की सनदेची फी आता कमी झाली आहे. सुप्रीम कोर्टाने जुलै २०२४ मध्ये सांगितलं की कायद्यात लिहिलेल्या ७५० रुपयांपेक्षा जास्त, आणि अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराकडून १२५ पेक्षा जास्त, नावनोंदणी फी घेता येणार नाही. त्याआधी पोरं हजारोंनी भरत होती.

डॉ. आंबेडकर बॅरिस्टर होऊन आले तेव्हा १९२३ साली सनद काढायला पैसे नव्हते. मित्र नवल भाथेना यांनी दिले. पुढे १९२५ पासून ते बाटलीबॉय इन्स्टिट्यूटमध्ये व्यापारी कायदा शिकवत, कारण नुसत्या वकिलीवर भागत नव्हतं. त्याच साली ते आपल्या निपाणीला परिषदेसाठी येऊन गेले. शिकवणी, अनुवाद, मसुदे, जे प्रामाणिक काम मिळेल ते पहिली वर्षं करा. त्यात कमीपणा मानू नका.

---

तंबाखूनगरी (बुधवार, सकाळी ९:००)

निपाणीहून. माझं मुख्य काम सोसायट्या आणि बँकांच्या पॅनेलचं. नवा_कोट, तुमच्यासाठीच लिहितो, कारण पहिल्या पाच वर्षांत घर चालवायला हे काम उपयोगी पडतं. आपल्या भागात पतसंस्था, सौहार्द, मल्टीस्टेट सोसायट्या किती आहेत ते सगळ्यांना माहीत आहे. प्रत्येकीला कर्ज देण्याआधी जमिनीचा टायटल रिपोर्ट (मालकी तपासल्याचा अहवाल) लागतो आणि थकबाकी वसुलीला वकील लागतो.

टायटल रिपोर्टात लोक चुकतात ते इथे. आरटीसी उतारा (कर्नाटकातला सातबारा) ऑनलाइन मिळतो, सरकारची 'भूमी' ही जमीन नोंदींची संगणक प्रणाली आल्यापासून पाच मिनिटांत. उताऱ्यावर नाव दिसलं की "मालकी स्वच्छ" असं लिहून मोकळे होतात. उताऱ्यावरचं नाव म्हणजे मालकी नव्हे, ती महसुलाची नोंद आहे. मी मागे मागे जातो. नाव कुठल्या फेरफाराने लागलं? त्या फेरफाराची नोंद, म्हणजे एम.आर., काढायची. वारसाने लागलं असेल तर वारस किती होते, मुलींची नावं घातली का? खरेदीने लागलं असेल तर दस्त आणि ईसी, म्हणजे बोजाचा दाखला. आधी ती कुळाची जमीन होती का, इनाम होती का? इनामाची असेल तर कुठल्या हुकुमाने रिग्रँट झाली (सरकारने परत दिली), विकायला परवानगी लागत होती का?

आणि शेवटी जागेवर जायचं. पॅनेलवर नवा होतो तेव्हाची गोष्ट. एका प्रकरणात सगळे कागद चोख होते. गावात गेलो तर त्या सर्व्हे नंबरात कर्ज मागणाऱ्याच्या चुलत्याचं घर उभं, पंधरा वर्षं राहतोय. घराच्या दारात म्हातारी शेंगा निवडत बसली होती. "कुणाचं घर हे आजी?" म्हटल्यावर तिने तासभर सगळा वंशवृक्ष सांगितला. जे मला उपनिबंधकाच्या कचेरीत आठ दिवसांत मिळालं नव्हतं ते तिथे मिळालं. मी रिपोर्ट विरोधात दिला. सोसायटीचे संचालक नाराज झाले, दोन महिने काम आलं नाही. मग पुन्हा आलं.

---

चंदगडी (बुधवार, दुपारी ३:३०)

धाग्यात सीमेचा मुद्दा कुणी नीट घेतला नाही म्हणून लिहितो. चंदगड १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यातच होतं. रेघ ओढली गेली, पण सोयरिकी त्याच राहिल्या आणि शेतंही. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या तीन-चार घरांची जमीन दोन्हीकडे आहे. थोडी चंदगडात, थोडी बेळगाव किंवा खानापूर तालुक्यात.

अशा घराचा वाटणीचा दावा आला की नवा वकील गडबडतो, दोन दावे लावायचे का? दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम १७ बघा. एकाच दाव्यातली मिळकत वेगवेगळ्या कोर्टांच्या हद्दीत असेल तर त्यातल्या कुठल्याही एका कोर्टात दावा लावता येतो. आणि कर्नाटकची सनद असली तरी महाराष्ट्रातल्या कोर्टात उभं राहता येतं. ॲडव्होकेट्स ॲक्टचं ३० वं कलम जून २०११ पासून लागू आहे.

पण कोर्ट एक झालं म्हणून कायदा एक होत नाही. कुळाचंच घ्या. चंदगडकडे १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनाला कसणारा कूळ कायद्याने खरेदीदार मानला गेला. बेळगावकडे १ मार्च १९७४ ला कुळाच्या जमिनी सरकारकडे गेल्या आणि कुळाने नमुना ७ भरून लँड ट्रिब्युनलकडे हक्क मागायचा होता. एकाच आजोबांनी दोन्हीकडे शेत कसलं, तर एकीकडे १९५७ चे कागद शोधायचे आणि दुसरीकडे नमुना ७. ज्याने नमुना ७ भरलाच नाही त्याच्या घरी आजही रडारड आहे.

मुलींच्या हक्काचंही तसंच. २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीआधीच दोन्ही राज्यांनी १९९४ मध्ये आपापला कायदा करून मुलींना सहदायिक, म्हणजे जन्मापासून वाटेकरी, केलं होतं. महाराष्ट्रात २२ जून १९९४ पासून, कर्नाटकात ३० जुलैपासून. २०२० च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर बरेच वाद मिटले, तरी जुन्या वाटण्यांच्या फायलीत या तारखा अजून बघाव्या लागतात.

अपिलाचं सांगतो. बेळगावकरांना हायकोर्टासाठी बेंगळुरू गाठावं लागायचं, २००८ मध्ये धारवाडला बेंच आला. आम्हाला मुंबई गाठावी लागायची, ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झाला. आता दोन्ही बाजूंच्या तरुण वकिलाला हायकोर्टाची प्रॅक्टिस घरून जाऊन-येऊन करता येईल. माझ्या उमेदीत हे नव्हतं.

---

सेकंड_अपील (बुधवार, रात्री ८:४५)

धारवाडला अपिलं चालवतो. तालुका कोर्टातल्या भावंडांना हात जोडून विनंती, निशाण्या (पुराव्यातल्या कागदांना कोर्टाने दिलेले क्रमांक) नीट पाडून घ्या. माझ्याकडे आलेल्या फायलीत कागद असतो, पण तो पुराव्यात आणलेला नसतो. वरच्या कोर्टात नवा पुरावा आणणं फार जड जातं आणि सेकंड अपिलात तर कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असेल तरच ऐकतात. खटला खाली, खानापुरात नाहीतर हुक्केरीतच जिंकायचा असतो. ज्युनिअर मुलांना वाटतं हायकोर्ट मोठं. उलटतपास शिकायचा असेल तर किमान पाच वर्षं तालुक्याला काढा.

---

शेतकरी_माणूस (गुरुवार, सकाळी ६:३०)

मी वकील नाही. अकरा वर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढलेला माणूस आहे. आमच्या बाजूनेही कुणी लिहावं म्हणून लिहितो.

आमच्या वकिलांनी आमची केस तडजोडीत मिटवली. वाईट केली असं म्हणत नाही. पण सही करताना मला एवढंच सांगितलं, "कर सही, तुझ्या फायद्याचं आहे." कागद कन्नड. मला बोलता येतं, वाचता येत नाही. घरी आणून भाच्याकडून वाचून घेतला तर बांधाच्या पलीकडची दोन गुंठे सोडल्याचं त्यात होतं. त्यावर आंब्याचं झाड आहे, आईने लावलेलं. मला आधी सांगितलं असतं तर मी दुसरीकडची चार गुंठे सोडली असती, पण ती दोन सोडली नसती. वकिलांना वाटलं, दोन गुंठ्यांत काय एवढं. ते जमिनीचं क्षेत्र बघत होते.

आणि फी. "निकाल लागला की जमिनीच्या किमतीतले इतके टक्के दे" असंही एकाने मागितलं होतं. ते चालतं का, कुणी सांगेल का?

---

वकीलवैनी (गुरुवार, सकाळी ११:१०)

दादा, नाही चालत. निकालावर टक्केवारी ठरवून फी घ्यायला बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे. पुढे कुणी मागितली तर स्पष्ट नाही म्हणा. तुमच्या केसचा १६ अक्षरांचा सीएनआर नंबर असतो, तो मागून घ्या. ई-कोर्ट्सच्या ॲपवर टाकला की तारीख आणि हुकूम घरबसल्या दिसतात. आणि त्या झाडाबद्दल वाचून जीव कळवळला.

मलप्रभाकाठची, आता तुला. मी १४ वर्षं फौजदारी आणि कौटुंबिक काम करते, मध्ये काही काळ कायदा सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवरही होते. या वाटेबद्दल धाग्यात कुणी लिहिलं नाही. १९८७ च्या कायद्यानुसार बाई, मूल, अनुसूचित जाती-जमातीचा माणूस, अपंग, कोठडीतला माणूस, यांना उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो. तुझ्या आजीलाही मिळाला असता. तालुक्याला समिती असते, १५१०० हा फोन नंबर आहे. हे गावात जाऊन सांगायला माणसं कमी पडतात. २०२२ पासून जिल्ह्यांत लीगल एड डिफेन्स कौन्सेलची पूर्णवेळ पदं सुरू झाली, चीफ, डेप्युटी, असिस्टंट अशी. दरमहा मानधन मिळतं, खासगी केस मात्र घेता येत नाही. नव्या मुलीला फौजदारी काम शिकायला याहून चांगली जागा मला माहीत नाही. शिवाय मध्यस्थीचं ४० तासांचं प्रशिक्षण असतं, ते जमेल तेव्हा करून घे.

कॉर्नेलिया सोराबजींचं नाव ऐकलं असशील. नाशकात जन्म, लहानपणाची काही वर्षं आपल्या बेळगावात गेली. १८९२ मध्ये ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा दिली, पण बाईला वकिली करायला परवानगी नव्हती. ती मिळाली १९२३ च्या कायद्याने. मधली ३१ वर्षं त्या थांबल्या नाहीत. बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्ये सल्लागार झाल्या आणि पडद्यातल्या बायकांच्या इस्टेटींचं काम बघितलं. त्या बायकांना पुरुष वकिलाशी बोलता येत नव्हतं, म्हणून आपलं दुःख त्यांनी कुणाला सांगितलंच नव्हतं.

आजही तसंच आहे गं. माझ्या ऑफिसात बाई नवऱ्यासोबत येते आणि नवराच बोलतो. मी चहा आणायच्या निमित्ताने त्याला बाहेर पाठवते. मग ती खरं सांगते, आणि आपल्या भाषेत सांगते. पोटगीच्या अर्जात तिने सांगितलेलं वाक्य जसंच्या तसं यावं म्हणून मी आधी मराठीत लिहून काढते, तिला वाचून दाखवते, मग इंग्रजी किंवा कन्नड मसुदा करते. वेळ दुप्पट जातो, पण उलटतपासात ती डगमगत नाही, कारण कागदावर तिचंच म्हणणं असतं.

---

तयारी_चालू (गुरुवार, रात्री ९:५५)

जज्जच्या परीक्षेबद्दल थोडक्यात. सुप्रीम कोर्टाच्या २० मे २०२५ च्या निकालाने दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर, या पदासाठी तीन वर्षांची प्रॅक्टिस पुन्हा सक्तीची झाली. तात्पुरत्या नावनोंदणीपासून वर्षं मोजतात, लॉ क्लार्क म्हणून केलेलं कामही धरतात. मामाला सांगा, लगेच बसता येणार नाही. कर्नाटकच्या मुख्य परीक्षेत कन्नड-इंग्रजी अनुवादाचा पेपर आहे. आपल्या मराठी शाळेतली मुलं तिथे अडतात. मी रोज एक जुनी साक्ष कन्नडमधून इंग्रजीत करतो, तीन वर्षं हातात आहेत.

---

सीमावासी_५६ (शुक्रवार, सकाळी ८:२०)

मला एक खटकलं. आपण सीमाभागातली माणसं. आमच्या वाडवडिलांनी मराठीसाठी तुरुंग भोगला. या भागावरचा महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे. आणि इथे जो तो मुलीला सांगतोय की कन्नड शिक, कन्नड लिही. मराठी कागद, मराठी नोटीस मिळणं हा आमचा हक्क आहे, तो मागायचा की सोडून द्यायचा?

---

कोर्टगल्ली (शुक्रवार, रात्री ९:३०)

दादा, माझे वडीलही त्या तुरुंगात होते. हक्क सोडा असं इथे कुणी म्हणत नाही. भाषिक अल्पसंख्याकांच्या हक्कांसाठी अर्ज करणं, याचिका करणं हेही वकिलाचंच काम आहे आणि ते करणारी पोरं आपल्यातूनच यायला हवीत.

पण त्या आजीच्या डब्यात ५२ दिवस पडलेलं समन्स कन्नडमध्ये होतं. मराठीत असायला हवं होतं, या भांडणाचा निकाल लागेपर्यंत ९० दिवस संपले असते. तिला त्या दिवशी कन्नड वाचून मराठीत सांगणारी पोर मिळाली म्हणून तिची कैफियत जाईल. शेतकरी_माणूस यांच्या आंब्याचं झाडही तसा वकील असता तर वाचलं असतं. मला कन्नड येतं म्हणून माझं मराठी कमी झालेलं नाही. उलट कन्नड पक्षकारांचे जुने मोडी कागद मीच वाचून देतो, आणि ते माझ्याकडे विश्वासाने येतात.

---

सीमावासी_५६ (शुक्रवार, रात्री १०:१०)

आजीचा मुद्दा मानतो. मराठी नोटिशीची मागणी मात्र सोडणार नाही, आणि कुणी तरुण वकील ते काम हाती घेणार असेल तर कागदपत्रं गोळा करायला मी येईन. ४० वर्षांचे अर्ज जपून ठेवले आहेत.

---

मलप्रभाकाठची (रविवार, संध्याकाळी ६:४५)

सगळ्यांना एकेक करून उत्तर द्यायला हवं, पण आज एवढंच लिहिते.

बाबांना धागा वाचून दाखवला. तंबाखूनगरी यांची शेंगा निवडणारी आजी त्यांना फार आवडली. बँकेच्या परीक्षेचं बोलणं तूर्त थांबलं आहे. तीन वर्षं तालुक्याला आणि बेळगावला काढायची ठरवलं. सरांना धीर करून खर्चाबद्दल विचारलं. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, पहिल्या तारखेपासून बसचे आणि जेवणाचे देतो आणि आजीची फाईल तू सांभाळ.

आजीची तारीख शुक्रवारी होती. एकतर्फीचा हुकूम रद्द झाला, कैफियतीला मुदत मिळाली. मसुदा मी केला. वकीलवैनींनी सांगितलं तसं आधी मराठीत लिहून तिला वाचून दाखवला. एका ठिकाणी तिने थांबवलं. मी "वडिलोपार्जित मिळकत" लिहिलं होतं. ती म्हणाली, "ते वरचं शेत सासऱ्याचं न्हवं. माझ्या आईनं मला दिलंय, लगनात." ते शेत दिराने दाव्यात घातलंय आणि आम्ही सगळे ते वाटणीतलंच धरून चाललो होतो. कागद आहे का विचारलं, तर म्हणाली, हाय की, ट्रंकेत.

काल गावी जाऊन ट्रंक उघडली. जुन्या लुगड्यात गुंडाळलेला एक कागद आहे, घड्यांवर फाटत आलेला. मोडीत आहे. कोर्टगल्ली काका, मंगळवारी चार वाजता तुमच्या ऑफिसात घेऊन येऊ का? तुम्ही वाचा आणि मला शेजारी बसून बघू द्या. मोडी मलाही शिकायची आहे.

---

कोर्टगल्ली (रविवार, संध्याकाळी ७:०५)

तुझ्या सरांना विचारून, त्यांना सोबत घेऊन ये. फाईल त्यांची आहे. कागद घडी न घालता आण, दोन पुठ्ठ्यांमध्ये ठेव, टेप लावू नकोस. आजीलाही आण. कागदातली गावं आणि नावं तिला माहीत असतील.